‘सेटअप’च्या नावाखाली गळ्यात मारलेली वाकडी गाडी

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. निळ्या बॉडीचे तेच फोटो, तेच शब्द: ‘रेस-रेडी टूरिंग कार, कार्बन चेसिस’. रिमोटवर चालणाऱ्या छोट्या रेसच्या गाडीच्या याच जाहिरातीपायी माझे ५१,५०० रुपये गेले, म्हणून लिहितोय.

२००९ च्या सुमारास आम्ही चौघं मित्र रविवारी सकाळी बास्केटबॉल कोर्टवर रिमोटच्या गाड्या पळवायचो. माझी टामिया कंपनीची टीटी-०१ होती. टबासारखी प्लास्टिकची चेसिस (गाडीचा सांगाडा), शाफ्ट ड्राइव्ह, साधी ब्रश मोटर, ७.२ व्होल्टची बॅटरी. गाडी वळेना तर टायर बदलायचे, एवढंच. पुढे नोकरी, लग्न, आणि गाडी माळ्यावर गेली. यंदा मुलगा दहा वर्षांचा झाला आणि माझे हात पुन्हा शिवशिवायला लागले.

मधल्या काळात सगळंच बदललंय. आजच्या एक-दशांश मापाच्या गाडीला दोन-सव्वादोन मिलिमीटर जाडीची कार्बन प्लेट, बेल्ट ड्राइव्ह, पुढे स्पूल (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा दांडा), मागे सिलिकॉन तेल भरलेला डिफ (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर). चेसिस जमिनीपासून जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटर वर, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या वॉशरनेही रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, बदलतो. मला यातलं काहीच येत नाही, हे मी त्या जाहिरातवाल्या माणसाला पहिल्याच फोनवर सांगून बसलो. तिथेच घात झाला.

नागपुरात सीताबर्डीला भेटून त्याच्याकडून गाडी घेतली, ४२,००० यूपीआयने दिले. पहिल्याच दिवशी ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. डावं वळण झटकन घ्यायची, उजव्याला बाहेर फेकली जायची. फोन केला तर म्हणाला, “काही नाही भाऊ, सेटअप आहे तो. मागच्या स्प्रिंग नरम टाकून पाहा ना.” सेटअप म्हणजे स्प्रिंग, तेल, चाकांचे कोन यांची जुळणी. स्प्रिंग त्याच्याकडूनच घेतल्या. मग तेल, मग टो ब्लॉक (चाकांची आत-बाहेरची दिशा ठरवणारा तुकडा), मग नवे शॉक. दोन महिन्यांत आणखी ९,५०० गेले. रात्री जेवणं आटोपली की मी चाकांचा कल मोजणारं कॅम्बर गेज घेऊन बसायचो आणि पोरगा विचारायचा, “बाबा, झाली का सरळ?” मला वाटायचं, चूक माझीच आहे.

शेवटी गाडी पूर्ण खोलली. इतवारीतून ८ मिलिमीटर जाडीची काच आणली आणि तिच्यावर नुसती चेसिस प्लेट ठेवली. तीन कोपरे टेकले, चौथ्याखालून पोस्टकार्ड अलगद सरकलं. प्लेटला पीळ होता. मग स्क्रूच्या खोलगट भोकांत टॉर्च मारला. वर कार्बनची वीण, आत पिवळट पांढरं. खरी कार्बन प्लेट आतपर्यंत काळी असते. ही फायबरग्लासची होती, वरून नुसता कार्बनचा मुलामा.

हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं: स्प्रिंग, तेल, उंची आपण दोन्ही बाजूंना सारखीच बदलतो. त्याने गाडी दोन्ही वळणांना सारखीच सुधारते किंवा बिघडते. डावी-उजवीकडे ती वेगळी वागत असेल, तर आधी चेसिसचा पीळ, चाकांचे हात जोडणाऱ्या वाकलेल्या पिना आणि दोन बाजूंची मापं पाहा. तोवर एक पैचाही पार्ट घेऊ नका. आणि प्लेट उघडून दाखवायला जो तयार नाही, त्याच्याकडून गाडी नको.

त्याचा फोन आता लागत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

नागपुरात कुणी जुनी गाडी घेणार असेल, तर पैसे देण्याआधी ती मानेवाड्याला माझ्या घरी घेऊन या. काच टेबलावरच ठेवलेली आहे.