सोलापूरच्या उन्हात पेटीचा सोलर कुकर: होळी ते आषाढ

होळीच्या सुमारास घेतलेला सोलर कुकर आता आषाढाचे ढग आल्यावर पुसून, झाकून कोपऱ्यात ठेवलाय. अख्खा उन्हाळा वापरून झाला, तेव्हा लिहायला हरकत नाही. विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘ताई, गॅस निम्म्यावर येईल.’ तसं काही होत नाही. आपल्या घरांत गॅस जातो तो चहा, भाकरी, पोळ्या आणि फोडण्यांना, आणि ह्यातलं एकही काम ही पेटी करत नाही. तरीही मी ती पुन्हा घेईन. सोलापुरात पारा ४२-४३ वर असताना अकरा ते एक ओट्यापाशी उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना कारण वेगळं सांगायला नको.

आधी वस्तू काय आहे ते. सुटकेससारखी पेटी, खाली चाकं, वजन इतकं की दोघांनी उचलावी. आत काळा मॅट रंग दिलेला ॲल्युमिनियमचा ट्रे, ट्रे आणि बाहेरचं खोकं यांच्या मध्ये काचलोकर, वर रबराच्या पट्टीवर बसणारी दुहेरी काच, आणि पेटीच्या झाकणाला आतून आरसा. सोबत बाहेरून काळे रंगवलेले चार डबे. ऊन काचेतून आत येतं, काळ्या पत्र्यावर पडून त्याची उष्णता होते आणि ती उष्णता काचेतून सहज बाहेर जात नाही. एवढंच त्याचं यंत्र. काचांची अशी पेटी सोस्यूर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १७६७ सालीच करून पाहिली होती. ‘ह्यात खरंच शिजतं होय?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आमचे हे आता ते साल ऐकवतात, आणि त्यावर न थांबता शिर्डीच्या प्रसादालयाचं उदाहरण देतात. तिथे २००९ साली ७३ मोठ्या सौर तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक सुरू झाला. तिथलं तंत्र वेगळं, पण पाहुणा गप्प होतो.

नवी पेटी दोन दिवस रिकामीच उन्हात ठेवा. रंगाचा वास इतका येतो की पहिल्याच दिवशी भात लावला असता तर घरातल्यांनी पेटी परत पाठवली असती. रिकामी असताना एप्रिलच्या उन्हात आतलं तापमान १३० अंशांच्या पुढे जातं. ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवून आम्ही ते बघितलंय. डबे भरले की मात्र शंभराच्या आसपासच राहतं, कारण आतलं पाणी त्याहून वर जाऊ देत नाही. शिजायला तेवढं पुरतं.

जागेचा प्रश्न सगळ्यात मोठा, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ असते: ‘मोकळ्या उन्हात ठेवावा.’ आमच्या गच्चीवर ऊन भरपूर, पण एप्रिल-मेमध्ये तिथे कुरडया, सांडगे आणि पापडांचं राज्य असतं. शिवाय भर दुपारी जिना चढून आरसा फिरवायला कुणी जात नाही. अंगणात एका बाजूला कडुनिंब आणि दुसरीकडे शेजारच्यांची भिंत. सकाळपासून दुपारपर्यंत सावली कुठे कुठे सरकते ते ह्यांनी खडूने फरशीवर आखलं, तेव्हा तुळशीवृंदावनाच्या पलीकडचा एकच तुकडा निघाला, जिथे साडेनऊ ते अडीच अखंड ऊन असतं. पण तिथे फरशी उतरती. मग माळ्यावरच्या जुन्या शिलाई मशीनचं बिडाचं स्टँड खाली काढलं, घासून रेड ऑक्साईड लावला, वर जाड प्लायवूड ठोकलं आणि पेटीची चाकं घसरू नयेत म्हणून कडेने पट्टी मारली. आता पेटी कमरेच्या उंचीवर आहे, त्यामुळे सासूबाईंनाही वाकावं लागत नाही आणि मांजर काचेवर बसायला येत नाही. पेटी घ्यायच्या आधी अंगणात किंवा गच्चीत असा सलग चार तासांचा तुकडा आहे का ते बघाच. पश्चिमेच्या बाल्कनीत हे चालणार नाही, कुणी कितीही सांगो.

आरसा लावणं ही सवयीची गोष्ट आहे. सकाळी तो जवळजवळ उभा, किंचित पुढे कललेला ठेवायचा. ऊन चढेल तसा मागे टाकत जायचा. मापाची गरज नाही, कवडसा काचेवर पडतोय ना एवढं बघायचं. अर्ध्या-पाऊण तासाने पेटी थोडी फिरवायची. इथे एक गोष्ट लक्षात आली. आपलं घड्याळ सोलापूरच्या बरंच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं असल्याने मे महिन्यात सूर्य इथे डोक्यावर येतो तो बाराला नाही, बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी. म्हणजे खरं कडक ऊन अकरा ते पावणेदोन. मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस असतो, तेव्हा सुट्टीला आलेल्या भाच्यांनी प्लायवूडवर पेला ठेवून त्याची सावली त्याच्याच बुडाखाली जाताना बघितली. त्यानंतर पावसापर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. तोवर दक्षिणेकडे तोंड करून ठेवलेली पेटी तेव्हा उलटी फिरवावी लागते. विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं. आरशाकडे मात्र थेट बघू नका, आणि मुलांनाही बघू देऊ नका.

आता जेवणाचं. पावणेदहाला भात, भिजवलेली तूरडाळ आणि एखादी भाजी असे डबे ठेवले की बाराच्या सुमारास सगळं तयार. भाताला चुलीपेक्षा थोडं कमी पाणी, भाजीला अजिबात नको. भरली वांगी यात अप्रतिम होतात: शेंगदाण्या-तिळाचा मसाला भरायचा, डब्यात दाटीने बसवायची आणि विसरून जायचं. देठासकट अख्खी राहतात, स्वतःच्याच वाफेत शिजतात, मसाला सुटत नाही. वरून फोडणी घालायला गॅस दोन मिनिटं. एकादशीला रताळी साल न काढता, पाणी न घालता ठेवली. उकडलेल्यापेक्षा कितीतरी गोड लागली. उन्हाळ्यात रात्री आम्ही ज्वारीच्या कण्या आणि ताक खातो, त्या कण्या दुपारी पेटीत करून ठेवते. खाली लागत नाहीत, ढवळायला लागत नाहीत. भिजवलेले हरभरे तीन तास घेतात. राजम्याच्या वाटेला जाऊ नका, तो प्रेशर कुकरचाच.

शेंगदाण्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सोलापुरात घर म्हटलं की शेंगाचटणी आली, आणि चटणी म्हटली की किलोकिलोने दाणे भाजणं आलं. उन्हाळ्यात कढईपुढे अर्धा तास उलथणं फिरवत उभं राहायचं, शेवटच्या मिनिटाला फोन वाजला की घाणा करपतो. पेटीत दाणे ट्रेमध्येच पातळ पसरायचे, डबा नाही, झाकण नाही. पहिल्या वीसेक मिनिटांत काचेवर आतून वाफ धरते. काच एकदा अलगद उचलून ती जाऊ द्यायची, मग दीड-दोन तास हात लावायचा नाही. दाणा आतपर्यंत एकसारखा कुरकुरीत होतो, साल बोटाने चिमटली तरी सुटते, एकही काळा डाग नाही. खलात कुटताना तेलही छान सुटतं.

पण सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवून निकाल दिला, ‘हे शिजलंय चांगलं. भाजलं न्हाई.’ आणि ते खरं आहे. लोखंडी कढईत दाण्याला जे तांबूस-काळे ठिपके येतात, त्यांचा एक वास असतो, तो यात येत नाही. आता आमच्याकडे तोडगा असा: दाणे पेटीत भाजायचे, शेवटची तीन-चार मिनिटं तापल्या कढईत परतायचे. चटणीला तोच वास, आणि कढईपुढचा वेळ नावापुरता. दाण्याच्या कुटासाठी, लाडवांसाठी, साबुदाण्याच्या खिचडीसाठी मात्र पेटीतले दाणे तसेच वापरते. रवाही असाच भाजते.

काय जमत नाही? भाकरी, पोळी, तळण, फोडणी हे तर उघडच आहे. न सांगितलेली अडचण कटाच्या आमटीची. पुरणाची डाळ पेटीत सुरेख मऊ होते, पण कट हवा म्हणून भरपूर पाणी घातलं की ते पाणी तापण्यातच सकाळ जाते. पाडव्याला मी डाळ कमी पाण्यात शिजवली आणि नंतर उकळतं पाणी घालून, थोडी डाळ घोटून कट काढला. आमटी झाली, पण जरा दाट झाली. दुसरं, सोबतचे डबे ॲल्युमिनियमचे असतात. पुंडीची भाजी, चिंच-कैरीचं काही, टोमॅटो असलं आंबट त्यात शिजवू नका. आम्ही दोन स्टीलचे उभट डबे घेऊन त्यांना बाहेरून फळ्याला देतात तो काळा रंग लावला. कंपनीने हे आधीच द्यायला हवं होतं. साखरांबाही स्टीलमध्येच केला: किसलेली कैरी आणि साखर, झाकण अर्धवट, दोन-तीन दुपारी. पाक करपण्याची भीती नाही, रंग फिकट सोनेरी राहतो. गॅसवरच्या साखरांब्यापेक्षा हा मला आवडला.

काचेची काळजी घ्यावी लागते. इथली धूळ तासाभरात काचेवर थर धरते, आणि थर धरला की भात अर्धा तास उशिरा. पण गरम काचेवर ओलं फडकं कधीही फिरवायचं नाही, तडकेल. सकाळी गार असताना ओल्याने, दिवसा कोरड्याने पुसायची. डबे काढताना तोंड लांब ठेवा. आतली वाफ मुकाट असते आणि अचानक चेहऱ्यावर येते. स्वयंपाकघरातला जाड हातरुमाल पेटीपाशीच टांगून ठेवला, तेव्हा पोरांची बोटं वाचली.

मेच्या शेवटी वळवाचे ढग अकरा-साडेअकरालाच येऊ लागले, तेव्हा पेटीचा खरा दुबळेपणा दिसला. उन्हात थांबून थांबून येणाऱ्या ढगांचं काही वाटत नाही, पण आभाळ धरून राहिलं तर डाळ अर्धवट राहते आणि ती मग प्रेशर कुकरमध्ये लावावी लागते. अशा वेळी आरसा मिटायचा आणि जुनी सोलापुरी चादर दोन घड्या करून पेटीभोवती गुंडाळायची. ऊन तासभर चांगलं मिळालेलं असेल तर आतल्या उष्णतेवर भात पूर्ण होतो. दुपारचं जेवण अडीचपर्यंत गरम ठेवायलाही हीच युक्ती. वाऱ्याच्या दिवशी झाकण आपटून आरसा फुटू नये म्हणून त्याला दोरी बांधून ठेवा. झाकण धरून ठेवणारी पट्टी नाजूक आहे. आमच्या पेटीची ती जूनमध्येच सैल पडली. आरशाच्या खालच्या कडेचा पाराही थोडा उडालाय. दुकानात फोन केला तर ‘पाठवून द्या, बघतो’ एवढंच. इतकी अवजड पेटी पाठवायची कशी, हे सांगितलं नाही. शेवटी ह्यांनी पट्टीला नटबोल्ट लावला आणि आरशाच्या कडेला सिलिकॉन भरलं.

गॅसचा हिशोब: सिलिंडर आधीपेक्षा दहा-बारा दिवस जास्त पुरला. पाच-सहा हजारांची पेटी नुसत्या गॅसवर वसूल करायची तर काही वर्षं लागतील. पण दहा वाजता स्वयंपाकघर बंद होतं. खिडक्यांना ओले पडदे सोडले की मधली खोली बऱ्यापैकी गार राहते, कारण शेजारच्या खोलीत चूल पेटलेली नसते. यंदा पहिल्यांदा मी सुट्टीतल्या दुपारी मुलांबरोबर बदामसात खेळले, आणि जावेने दर वेळी हरवलं. ‘पेटी फिरवायची वेळ झाली’ म्हणून हातातली पानं टाकून अंगणात पळायची संधी मात्र मी सोडली नाही.

दोघंही नोकरीला जात असाल आणि दहाच्या आत घराला कुलूप लागत असेल तर पैसे घालू नका. सकाळी लावून जाता येतं, पण मधे कुणी फिरवलं नाही तर कण्या आणि दाणे होतील, डाळ होईलच असं नाही. घरी आजी-आजोबा असतील आणि अंगण असेल तर जरूर घ्या. चार-पाच जणांना मध्यम आकार पुरतो. घेताना काच उचलून रबर सगळीकडून सारखं बसतंय का बघा, आणि झाकणाची पट्टी दुकानातच चार-पाच वेळा उघडून-मिटून बघा. पावसाळ्यात ठेवताना ट्रे कोरडा करून आत कडुनिंबाचा पाला टाकलाय. ऑक्टोबर हिटला परत काढणार आहे, तेव्हा आरशाचं काय झालं ते खाली लिहीन.