जॉपलिन आणि आमची मराठी मार्गदर्शिका : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातील फोंडा तालुक्यातील देवळांच्या जत्रांत आणि काल्याच्या उत्सवांत गावकऱ्यांनी केलेल्या मराठी नाटकांची माहिती आम्ही सहा जण जमवीत आहोत. जुन्या कलाकारांच्या मुलाखती, हस्तपत्रकांची छायाचित्रे आणि नटसंचांच्या याद्या हे सर्व गेले नऊ महिने आम्ही जॉपलिन या टिपणे ठेवण्याच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. त्यातील टिपणे मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात असतात आणि ती ज्याच्या त्याच्या उपकरणावर साठवली जातात. त्यामुळे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले, तरी शिरोड्यात घेतलेली मुलाखत तिथेच बसून लिहून काढता येते आणि फोंड्याला परतल्यावर सिंक करता येते, म्हणजे सर्व्हरमार्फत सर्वांच्या उपकरणांवर सारखी करता येते. सॉफ्टवेअरवर मी समाधानी आहे. ते आमच्या गटातील प्रत्येकाला वापरता येऊ लागले, ते मात्र मार्गदर्शिकेची मांडणी बदलल्यानंतरच, आणि हा अनुभव मुख्यतः त्या बदलाचा आहे.

जॉपलिनची मूळ इंग्रजी मार्गदर्शिका पूर्वी बरीचशी एकाच लांबलचक पानावर होती. आता ती विषयवार विभागलेली आहे आणि माहितीच्या दृष्टीने भरपूर आहे. आमच्या गटातील पेटीवादक काका आणि निवृत्त शिक्षिका बाई यांना तांत्रिक इंग्रजी वाचण्याची सवय नाही, म्हणून मी बावीस पानांची मराठी मार्गदर्शिका तयार केली. तिची पहिली आवृत्ती मी मेनूच्या क्रमाने लिहिली : आधी फाइल, मग एडिट, मग सेटिंग्जमधील एकेक विभाग. एकही पर्याय सुटला नव्हता, आणि तरीही ती चुकीची होती.

ती चूक एन्क्रिप्शनच्या, म्हणजे टिपणे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाहीत अशी सांकेतिक करण्याच्या, वेळी उघड झाली. सेटिंग्जच्या प्रकरणात मी एवढेच लिहिले होते की एन्क्रिप्शन सुरू करण्यासाठी अमुक बटण दाबावे व पासवर्ड द्यावा. एका रविवारी तिघांनी आपापल्या घरी, आपापल्या संगणकावर, ते वाक्य वाचून बटण दाबले. वास्तविक सर्व उपकरणे आधी सिंक करून घ्यायची, मग एकाच उपकरणावर एन्क्रिप्शन सुरू करायचे, सर्व टिपणे नव्याने सर्व्हरवर जाईपर्यंत थांबायचे आणि त्यानंतरच इतर उपकरणे सिंक करून त्यांनी मागितलेला तोच पासवर्ड द्यायचा, असा क्रम आहे. आमच्याकडे टिपणे उलगडणाऱ्या तीन वेगवेगळ्या सांकेतिक किल्ल्या तयार झाल्या आणि काकांच्या पडद्यावर चाळीसएक टिपणे कुलूपबंद दिसू लागली. तिघांचेही पासवर्ड लिहून ठेवलेले असल्याने सारे परत मिळाले. पासवर्ड हरवला असता तर तो कोणीही परत मिळवून देऊ शकला नसता. मूळ मार्गदर्शिकेत हा क्रम स्पष्ट दिलेला आहे. तो माझ्या पुस्तिकेत आला नाही, कारण मेनूमध्ये बटणे दिसतात, कामाचा क्रम दिसत नाही.

त्यानंतर मी दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेली डायटॅक्सिस ही मार्गदर्शिका लिहिण्याची पद्धत अभ्यासली. नवशिक्याला हात धरून शिकवणारा पाठ, ठरावीक काम पार पाडण्याची कृती, संदर्भासाठीची माहिती आणि कारणमीमांसा हे चार वेगळे लेखनप्रकार आहेत, ते एकमेकांत मिसळू नयेत, असे ती सांगते. आम्ही बावीस पाने फोडली. ‘पहिले टिपण’ हा एकच पाठ ठेवला. त्यापुढे कृतींची पाने आली आणि त्यांची शीर्षके वापरणाऱ्याच्या तोंडी येतील अशी दिली : ‘नवा फोन घेतला, आता टिपणे कशी आणू?’, ‘चुकून खोडलेला मजकूर परत हवा आहे’. दुसऱ्या पानाने पहिल्याच आठवड्यात उपयोग दाखवला. जॉपलिन बदललेल्या टिपणाच्या जुन्या आवृत्त्या राखून ठेवते, आणि मूळ सेटिंगप्रमाणे त्या नव्वद दिवस राहतात. बाईंनी एका नटसंचाची पुसलेली यादी त्या पानावरून स्वतः परत आणली. संदर्भाचा भाग मात्र मी जवळजवळ काढूनच टाकला. तो मूळ मार्गदर्शिकेत उत्तम आहे आणि दर आवृत्तीला तो मराठीत अद्ययावत ठेवणे आम्हाला झेपणारे नाही.

शब्दांबाबत माझे मत पूर्णपणे बदलले. पहिल्या आवृत्तीत मी नोटबुकला ‘वही’ आणि टॅगला ‘खूण’ म्हटले होते. मराठी म्हणून ते शब्द मला आजही आवडतात, परंतु वाचणारा माणूस इंग्रजी पडद्यावर ‘वही’ शोधत बसतो. आता पडद्यावर जो शब्द दिसतो तोच देवनागरीत येतो आणि त्याचा अर्थ पहिल्या उल्लेखाजवळ मराठीत दिला जातो. स्पष्टीकरणाची भाषा शुद्ध मराठी असावी, पण बटणाचे नाव बटणावर असेल तेच असावे.

सर्वांत अधिक वेळा लिहिलेले पान बॅकअपचे आहे. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एका ठिकाणी टिपण गेले की ते सर्व ठिकाणांहून जाते. २०२४ मध्ये आलेल्या जॉपलिनच्या ३.० आवृत्तीपासून ट्रॅशची, म्हणजे खोडलेली टिपणे ठेवणाऱ्या टोपलीची, सोय झाली आहे, तरीही निराळी प्रत हवीच. ती जेक्स या जॉपलिनच्या स्वतःच्या फाइल-स्वरूपात घ्यावी. साध्या मार्कडाउनमध्ये काढलेल्या प्रतीत मजकूर येतो, परंतु टॅग येत नाहीत, आणि आमच्या संग्रहात गाव, वर्ष व उत्सव हे सारे टॅगमध्येच आहे.

चवथीच्या सुट्टीत घरी आलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला मी नवी मार्गदर्शिका दिली आणि स्वतः शेजारी न बोलता बसलो. ती कुठे थांबते, कुठल्या ओळीवर मागे येते, एवढेच टिपत गेलो. सिंकच्या पानावर ती तीनदा अडली, कारण आम्ही सिंकसाठी वापरतो त्या नेक्स्टक्लाउड या साठवणसेवेचा पत्ता पूर्ण कसा लिहायचा याचे उदाहरण मी दिलेच नव्हते. ते त्याच संध्याकाळी घातले. फोनवरील वापराची पाने अजून अपुरी आहेत. पडदा लहान असल्याने मेनू वेगळ्या जागी असतात आणि संगणकाची चित्रे तिथे उपयोगी पडत नाहीत. पुढील जत्रेचा हंगाम सुरू होण्यापूर्वी ती पाने मी काकांच्या फोनवर, त्यांच्याच हातून, एकेक पायरी करून घेत लिहिणार आहे.