पिटकेर्नचा खटला: बेटावर की न्यूझीलंडमध्ये?
२००४ मध्ये पिटकेर्नवर, म्हणजे प्रशांत महासागरातल्या ब्रिटिश ताब्यातल्या एका बेटावर, जेमतेम पन्नासेक माणसं, त्यातल्या ७ पुरुषांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप, आणि बेटाचा ब्रिटिश गव्हर्नर बसतो न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला. खटला न्यूझीलंडमध्ये घेतला असता तर सगळंच सोपं होतं, कायदाही तसा केला होता, जज-वकील तिथलेच, तक्रारदार बायकांपैकी बऱ्याच जणी तिकडेच राहणाऱ्या. पण आरोपींना बेटावरच हवा होता. मग काय, विमानतळ नाही म्हणून अख्खं कोर्ट बोटीने ॲडम्सटाउनला, म्हणजे बेटावरच्या एकुलत्या एक गावाला, साक्षी मात्र ऑकलंडहून व्हिडिओवर! तुरुंगसुद्धा नवा बांधावा लागला, तोही बेटावरच्याच लोकांच्या हातून. गावासमोर निकाल लागला हे ठीक, पण बायकांच्या बाजूने बघितलं तर मला न्यूझीलंडच बरं वाटतं.