नेझोलेबियल सिस्ट: ओठाखालून काढावी की नाकातून उघडावी?

नेझोलेबियल सिस्ट म्हणजे नाकपुडीखालच्या मऊ भागात, हाडाबाहेर होणारी पाण्याने भरलेली गाठ. नाकपुडीच्या बुडाशी मऊ फुगवटा, ओठ-नाकामधली घडी पुसट. एक बोट नाकाच्या तळाशी, दुसरं वरच्या ओठाच्या आत ठेवून दाबलं की गाठ दोन्हींमध्ये हलते. दात जिवंत आहेत ना (आतली नस शाबूत आहे ना), हे आधी तपासा; नाहीतर दाताच्या मुळाची गाठ समजून विनाकारण रूट कॅनल होतं. सीटी स्कॅनमध्ये हाडाबाहेरची गाठ दिसते, कधी हाडावर खळगा पडलेला असतो. नुसतं सुईने पाणी काढलं तर ती पुन्हा भरते.

ओठाखालून छेद घेतला की गाठ अख्खी निघते आणि पूर्ण आवरण तपासणीला जातं. अडचण वरच्या टोकाला: तिथे ती नाकाच्या अस्तराला घट्ट चिकटलेली असते. अस्तर फाटलं तर तिथेच विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवावं, नाहीतर नाक-तोंडात भोक राहू शकतं. नंतर सूज येते, ओठ-दात काही काळ बधिर राहतात.

दुर्बिणीने नाकातून गाठीचं फक्त छत कापतात. वेळ कमी, दुखणं कमी, भूल स्थानिकही चालते. मात्र नाकात उघडलेलं गाठीचं तोंड ऐसपैस ठेवावं लागतं. आकसून बंद झालं की गाठ परत. नाकात फुगवटाच नसेल, किंवा आवरणाबद्दल शंका असेल, तर ओठाखालचाच मार्ग बरा.