आल्प्सच्या घाटांसाठी 11-34 कॅसेट, अख्खा सीझन वापरून झाल्यावर

कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, 11-34 म्हणजे सगळ्यात लहान चकतीला 11 दाते, सगळ्यात मोठीला 34. ही मे महिन्यात बसवली, आता ऑक्टोबर संपत आलाय आणि वरचे पास (घाटरस्ते) बर्फामुळे एकेक करून बंद व्हायला लागलेत, म्हणून लिहूनच टाकतो. मी झुरिचला असतो. सायकल साधी अॅल्युमिनियमची, पुढे 50-34 कॉम्पॅक्ट क्रँक (पेडलजवळच्या 50 आणि 34 दात्यांच्या दोन चकत्या), मागे 11-28 होती ती काढून शिमानोच्या 105 मालिकेतली 11-34 लावली. ग्रुपमधल्या पोरांनी "मागे ताटली लावलीस का" वगैरे करून घेतलं, ठीक आहे.

तर कसं आहे, आल्प्समधले चढ भयंकर खडे असतात असं नाही, ते संपत नाहीत. सिंहगड खडा आहे पण तासाभरात विषय मिटतो. इथे ग्रिम्झेल घाट इनर्टकिर्शेन गावापासून धरला तर 26 किमी आणि 1500 मीटरच्या वर चढ, इटलीतला स्टेल्व्हिओ घाट प्राटो गावाकडून 24 किमी, 48 हेअरपिन वळणं, सरासरी सात-साडेसात टक्के. अशा ठिकाणी आपल्यासारखा नोकरी करून सायकल मारणारा माणूस ताशी 8 वर आला की 34-28 मध्ये (पुढे 34 दाते, मागे 28) कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, पन्नासवर येतो, मग प्रत्येक पेडल गुडघ्यानं ढकलायचं आणि ते दोन-तीन तास. 34-34 मध्ये त्याच स्पीडला साठच्या वर फिरतं, धाप लागतेच पण मांड्या भरून येत नाहीत. आणि वर 2500 मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटच असतो, तिथं जोर लावायला जाल तर श्वास परत जागेवर यायला वेळ लागतो, तेव्हा हा शेवटचा गिअर खरा कामाला येतो.

सगळ्यात जास्त फरक कळला तो ट्रेमोलावर, म्हणजे आयरोलो गावाहून गॉटहार्ड घाटावर जाणारा जुना रस्ता, 24 वळणं आणि वर ग्रॅनाइटचे दगड बसवलेले. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक उडतं, पकड सुटते. हलका गिअर टाकून बुड सीटवर ठेवून फिरवत राहायचं, बाकी उपाय नाही.

आता रड. चकत्यांच्या दात्यांच्या पायऱ्या 11, 13, 15, 17 अशा आहेत, 12-14-16 नाहीतच, त्यामुळे सपाटीवर समोरून वारा असला की एक गिअर जड आणि पुढचा फारच हलका, वैताग येतो. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब केजवाला, म्हणजे चेन ताणून धरणारा लांब दांडा असलेला लागतो (105 आर7000 चा छोटा केज 30 दात्यांपर्यंतच चालतो), चेनही लांब घ्यावी लागली. शिवाय 11 स्पीडच्या रोड हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) 1.85 मिमीचा स्पेसर, म्हणजे पातळ कडी लागते, ती दुकानवाल्यानं टाकलीच नव्हती, कॅसेट खडखडत होती, परत नेऊन करून घेतलं.

उतरताना हिचा काही उपयोग नाही अर्थात. तिथं ब्रेक पॅड, जाड ग्लोव्ह्ज आणि वळणामागून पोस्टबसचा (इथल्या सार्वजनिक बसचा) तीन सुरांचा हॉर्न आला की गुमान कडेला होणं, एवढंच चालतं.

फक्त तळ्याच्या कडेकडेनं फिरणार असाल तर पैसे घालू नका, 28 च बरी. माझी जुनी दुसऱ्या व्हीलसेटवर चढवून ठेवलीय, हिवाळाभर तीच.