वादळानंतर गढूळ झालेला स्विमिंग पूल: तुरटी, पीएसी, नुसता फिल्टर की टाकी रिकामी?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं, तेव्हा आम्ही दापोली तालुक्यात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी होमस्टेच्या स्विमिंग पुलाकडे गेलो. वरचा गडगा ढासळून जांभ्याची लाल माती थेट पाण्यात उतरली होती. तिच्यात पोफळीच्या झावळ्या, आंब्याचा पाला आणि कडेला चिकटून बसलेले दोन खेकडे. उतरायची पहिली पायरीसुद्धा दिसत नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा पुन्हा तीच गत झाली. वादळ नसलं तरी पावसाळ्यात एखादी मोठी झड तेवढंच करून जाते.

पूल सांभाळणाऱ्या माणसापुढे तेव्हा चार वाटा असतात: तुरटी, पीएसी पावडर (तुरटीसारखीच माती तळाला बसवणारी), नुसता फिल्टर चालवत राहणं, किंवा सगळं पाणी काढून टँकर मागवणं. कुठली घ्यायची हे पाण्यात काय आहे त्यावर ठरवावं. दुकानदार काय देतो त्यावर ठरवू नये.

त्यासाठी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या, पुलाचं पाणी भरा आणि रात्रभर स्वयंपाकघराच्या खिडकीत हलवल्याशिवाय ठेवा. सकाळी तळाला लाल थर आणि वर बऱ्यापैकी स्वच्छ पाणी दिसलं, तर ती जाड माती आहे, ती नुसत्या स्थिरतेने बसेल. पाणी चहासारखं लालसर तसंच राहिलं, तर ती बारीक चिकणमाती. तिचे कण २ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, प्रत्येकावर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. हिरवट झाक असेल आणि बोटाने काच चोळली की बुळबुळीत लागत असेल, तर शेवाळ. आणि लाल-हिरवं काहीच नसून नुसतं दुधी धुकं असेल, तर ते बहुतेक वेळा औषधांच्या गडबडीचं किंवा थकलेल्या फिल्टरचं.

दुधी धुक्याचा निकाल आधी लावून टाकतो. तिथे नुसता फिल्टर पुरतो. पंप सलग २४ तास चालू ठेवा, प्रेशर गेज धुतलेल्या वेळच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय (दाबाचं माप) वर गेला की बॅकवॉश मारा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा, पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा. दोन दिवसांत फरक दिसतो. लाल पाण्याला मात्र हा उपाय लागू नाही. वाळूचा फिल्टर साधारण २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचं धरतो, चिकणमाती त्यातून सरळ पार होऊन परत पुलात येते. आठवडाभर मोटर चालवून विजेचं बिल तेवढं वाढतं.

खरी तुलना तुरटी आणि पीएसीची. दोन्हींचं काम एकच आहे. ॲल्युमिनियमचा धन भार मातीच्या ऋण भाराला मारतो, कण एकत्र येऊन त्यांचे कापसासारखे पुंजके होतात आणि तळाला बसतात. आमच्या आजीची पिढी पावसाळ्यात विहिरीच्या गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायची ती याचसाठी. काही घरांत निवळीच्या बिया उगाळून घालत. हंड्यासाठी ते उत्तम, पण पुलात बियांचा रस नको, तो क्लोरीन खातो.

तुरटी तालुक्याच्या गावात सहज मिळते, स्वस्त असते, आणि दमट हवेत वर्षभर ठेवली तरी बिघडत नाही. पीएसी, म्हणजे पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड, जास्त ताकदीची असते. तुरटीच्या निम्म्याहून कमी मात्रेत भागतं, पुंजके लवकर आणि जड होतात, पाण्याचा पीएच तेवढा पडत नाही. पण ती इथे मागवावी लागते, आणि जूनमध्ये पिशवी उघडी राहिली तर हवेतली ओल ओढून दगड होते. मी हवाबंद डब्यात ठेवूनसुद्धा एक पिशवी गमावली आहे.

कोकणात निवड करताना आणखी एक गोष्ट धरावी लागते. जांभ्यातलं पाणी मुळातच मऊ, त्यात क्षारता (पीएच स्थिर धरणारे क्षार) कमी, वर पावसाने आणखी पातळ झालेलं. १०० मिलिमीटर पाऊस ५० चौरस मीटरच्या पुलात ५,००० लिटर पाणी घालतो. तुरटी क्षारता खाते, साधारण आपल्या वजनाच्या निम्मी. म्हणजे घनमीटरला ४० ग्रॅम तुरटी टाकली की २० पीपीएम (घनमीटरला २० ग्रॅम) क्षारता गेली. मुळात ४०-५० पीपीएमच असेल तर पीएच घसरतो, तुरटी नीट काम करत नाही आणि पाणी तसंच राहतं. लोक म्हणतात तुरटीचा गुण आला नाही, तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. उपाय साधा आहे, खाण्याचा सोडा. आमच्यासारख्या ६० घनमीटरच्या पुलात १ किलो सोड्याने क्षारता साधारण १० पीपीएम वाढते, म्हणून तुरटीच्या आदल्या दिवशी दोन किलो विरघळवून घालावा. पीएसीसाठी एवढी खटपट बहुधा लागत नाही.

मात्रा अंदाजाने टाकू नका. जास्त झाली तर कणांवर उलटा भार चढतो आणि ते पुन्हा तरंगायला लागतात. मी असं करतो: १ लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवतो. पुलाच्या पाण्याच्या एकेक लिटरच्या तीन बरण्या मांडतो आणि औषधाच्या सिरिंजने त्यांत ३, ४ आणि ६ मिलिलिटर घालतो. म्हणजे घनमीटरला ३०, ४० आणि ६० ग्रॅम. चमच्याने मिनिटभर जोरात, मग पाच मिनिटं अगदी हळू ढवळतो. चांगल्या बरणीत आधी पाण्याला वाळूसारखा कणीदार पोत येतो, मग अर्ध्या तासात लाल पुंजके बर्फासारखे सावकाश खाली येताना दिसतात आणि मधल्या पाण्यातून खिडकीचे गज स्पष्ट दिसायला लागतात. ज्या सर्वांत कमी मात्रेला हे होतं, ती आपली मात्रा. माझ्याकडे ४० ला झालं, म्हणजे ६० घनमीटरला २ किलो ४०० ग्रॅम.

तुरटी बादलीत विरघळवून पुलाच्या कडेकडेने ओतायची, पंप फिल्टर वगळून रीसर्क्युलेटवर दोन तास, मग सगळं बंद. रात्रभर कोणीही पाण्याला हात लावायचा नाही. सकाळी तळाचा गाळ व्हॅक्यूमने, व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवून, बाहेर काढायचा. तो फिल्टरमधून फिरवला तर वाळूत मातीचे गोळे होतात आणि वाळूच बदलावी लागते.

वादळानंतर वीज नसते, आणि तिथे तुरटी-पीएसीचा मोठा फायदा आहे. त्यांना स्थिर पाणीच हवं असतं. निसर्गनंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती. दोघांनी लांब बांबूला फळी बांधून पाणी ढवळलं. गाळ काढायला पाइप पाण्याने भरला, एक टोक तळाला धरलं, दुसरं खालच्या कुपणात सोडलं. आमची जागा उतारावर आहे, त्यामुळे पाणी आपोआप ओढलं गेलं. सपाट जागेवर, समुद्राकाठी, हे जमणार नाही, तिथे जनरेटर शोधावा लागेल. गाळाचं पाणी विहिरीच्या किंवा व्हाळाच्या (ओढ्याच्या) बाजूला सोडू नका. आणि मोटरमध्ये पाणी शिरलं असेल तर वायरमनने बघितल्याशिवाय स्विचला हात लावू नका.

टाकी रिकामी करण्याचा मोह होतो, कारण ते सोपं वाटतं. पावसाळ्यात मी त्याच्या साफ विरोधात आहे. ६०,००० लिटर पाणी म्हणजे ६० टन वजन, आणि तेच वजन टाकीला जमिनीत दाबून ठेवतं. भोवतालचा जांभा स्पंजासारखा भिजलेला असतो, भूजल वर आलेलं असतं. आतलं पाणी काढलं की बाहेरचं पाणी टाकीला होडीसारखं वर ढकलतं. तळ फुगतो, फरशा सुटतात, फायबरची टाकी तर अख्खी उचलली जाते. तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह आहे आणि तो चालू आहे याची खात्री नसेल तर हा विचार सोडा. शिवाय १०,००० लिटरचे सहा टँकर ढासळलेल्या पाणंदीतून आणायचे, आणि बोअरचं पाणी लोहयुक्त असलं तर क्लोरीन पडताच तेही तांबूस होतं. उन्हाळ्यात, भूजल खोल असताना, टाकी धुवायला रिकामी करणं वेगळं.

क्लोरीनबद्दल मुद्दाम शेवटी लिहितोय. पहिल्या वेळी एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून मी लाल पाण्यातच क्लोरीन ओतत राहिलो. पाणी लालच राहिलं आणि क्लोरीन पाला-पाचोळ्याने खाऊन टाकलं. क्लोरीन माती काढत नाही. आधी पाला जाळीने काढा, माती बसवा, मग क्लोरीन. पूल हिरवा असेल तर मात्र क्रम उलटा: आधी क्लोरीनने शेवाळ मारायचं, मग मेलेलं शेवाळ फिल्टरने काढायचं.

१० पीपीएमचा दणका, म्हणजे एकदम मोठी मात्रा, द्यायला ६० घनमीटरला ६०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं. म्हणजे ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, ३३ टक्क्यांची, साधारण १ किलो ८०० ग्रॅम. किंवा १० टक्क्यांचं द्रवरूप हायपोक्लोराइट ६ लिटर. टीसीएलमध्ये चुना असतो. ती थेट टाकली तर आत्ताच निवळलेलं पाणी पुन्हा दुधी होतं, म्हणून बादलीत कालवून अर्धा तास ठेवा आणि फक्त वरची निवळ ओता. द्रवरूप क्लोरीनला ही कटकट नाही, पण उन्हात आणि उकाड्यात त्याची ताकद झपाट्याने उतरते, म्हणून ताजंच घ्या. टीसीसीए गोळ्या (हळूहळू विरघळणारं घन क्लोरीन) रोजच्या वापराला ठीक, दणक्याला नकोत, त्या पाण्यात सायन्युरिक ॲसिड साठवत जातात आणि ते फार झालं की क्लोरीनचा जोर कमी होतो. आणि टीसीसीए व टीसीएल एका बादलीत कधीही एकत्र करू नका, आग लागते. पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही.

साफ करताना गमबूट आणि हातमोजे घाला. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका पावसाळ्यात आपल्याकडे खरा आहे.

पाहुण्यांना पाण्यात कधी सोडायचं याचं माझं माप ठरलेलं आहे. सर्वांत खोल टोकाला उभं राहून तळाच्या जाळीचे स्क्रू मोजता आले पाहिजेत. बुडणारं मूल गढूळ पाण्यात दोन हातांवरही दिसत नाही. स्क्रू दिसले, क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर उतरून दिवसभर तिथेच टिकलं, की मग पुलाला लावलेली दोरी काढतो.