कार्ड रीडर: जोडलेल्या वायरीचा की सुट्या वायरीचा?

कॅमेरा आणि एसडी कार्डं यूएचएस-2 ची, म्हणजे जास्त वेगाच्या पिढीची झाली, रीडर मात्र जुन्या यूएचएस-1 चाच राहिला, असं बऱ्याच जणांचं होतं. माझंही तेच झालं होतं. नवा घ्यायला निघालात तर दुकानात साधारण तीन तऱ्हा दिसतील : पेनड्राइव्हसारखा थेट लॅपटॉपला लावायचा, वीतभर वायर कायमची जोडलेला, आणि ज्याची वायर दोन्ही टोकांना निघते असा दोन स्लॉटचा. तिन्ही मी वापरले आहेत आणि दोन आता कपाटात आहेत.

वेगाचं आधी उरकतो, कारण खोक्यावर तोच सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो. यूएचएस-1 ची मर्यादा सेकंदाला 104 एमबी, यूएचएस-2 ची 312. माझ्या हाताला 64 जीबीचं भरलेलं कार्ड जुन्या रीडरवर बारा मिनिटं घ्यायचं, आता साडेचार-पाच मिनिटांत रिकामं होतं. हा फरक तिन्ही तऱ्हांमध्ये मिळतो, फक्त रीडर यूएचएस-2 चा हवा. कार्ड कितीही महागाचं असलं तरी यूएचएस-1 च्या रीडरमध्ये ते रीडरच्याच चालीने चालतं. सॅनडिस्कच्या ज्या यूएचएस-1 कार्डांवर 170 किंवा 200 लिहिलेलं असतं, तो आकडा त्यांच्याच ठरावीक रीडरमध्ये निघतो. बाकी ठिकाणी नव्वदच्या आसपास धरून चाला. आणि तुम्ही थेट फिरत्या तबकडीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर कॉपी करत असाल, तर आधी एसएसडी घ्या. नाहीतर रीडर बदलून घड्याळात काहीच फरक पडणार नाही.

म्हणजे वेगावरून निवड होत नाही. माझी झाली ती वायरीवरून.

आषाढी वारीत मी माउलींच्या पालखीबरोबर असतो. एका वर्षी चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण झालं, संध्याकाळी तरडगावात गाडीत बसून कार्ड उतरवायला घेतलं. लॅपटॉप मांडीवर, रीडर शेजारच्या सीटवर, मध्ये ती वीतभर वायर. रीडर दोन वर्षं वापरलेला, एका नावाजलेल्या कंपनीचा. वायर जिथे रीडरच्या अंगात शिरते तिथे रबर थोडं सैल झालं होतं, हे मला माहीत होतं. अंगठ्याने जरा दाबून धरलं की चालायचं. जोडीदाराने गाडीचं दार लावलं, लॅपटॉप हलला आणि कॉपी तुटली. लगेच रीडर पुन्हा जोडला गेला, कार्डाची खिडकी नव्याने उघडली, आणि दिवसभर उन्हात चालून आलेल्या मला वाटलं, झालं काम. झोपण्याआधी सहज फाइली मोजल्या. कॅमेऱ्यात 1,140, लॅपटॉपवर 873. अश्व धावतानाची सगळी फ्रेम उरलेल्या 267 मध्ये होती. ते कार्ड सकाळी फॉरमॅट होऊन पुन्हा कॅमेऱ्यात जाणार होतं.

फोटो वाचले, पण त्या रात्री अंगठा दाबून धरून मी तीन वेळा कॉपी केली आणि तिन्ही वेळा मोजली. वायर खराब होणं हा काही गुन्हा नाही, वायरी खराब होतातच. राग येतो तो याचा, की चांगला चालणारा रीडर एका वायरीपायी टाकावा लागतो. सुटी वायर असती तर दुसरी लावून मोकळा झालो असतो.

पेनड्राइव्हसारख्या तऱ्हेत वायरच नाही, म्हणून पुढे तो घेतला. खिशात मावतो, मोबाइललाही लागतो आणि एकच कार्ड उतरवायचं असेल तर त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण लॅपटॉप मांडीवर असला की तो पोर्टातून दांडीसारखा बाहेर राहतो, आणि कुणाचा हात लागला तर ताण थेट पोर्टावर येतो. रीडर गेला तर परवडेल, लॅपटॉपचं पोर्ट गेलं तर हंगामात मोठी पंचाईत. टेबलावर बसून काम करणाऱ्याला कदाचित हा त्रास होणारही नाही.

आता प्रोग्रेड डिजिटलचा दोन स्लॉटचा रीडर वापरतो. वायर दोन्हीकडून निघते, आणि पाठीला चुंबक असल्याने सोबतची पट्टी लॅपटॉपच्या झाकणामागे चिकटवली की रीडर तिथेच बसतो, लोंबकळत नाही. दोन्ही कार्डं एकदम लावून मी चहा घ्यायला उठू शकतो. किंमत जास्त आहे, हे खरंच. महिन्याला एखाद-दुसरं काम असेल तर मी आग्रह धरणार नाही. 2021 पासूनचा 14 किंवा 16 इंची मॅकबुक प्रो असेल तर त्याच्याच स्लॉटात एसडी कार्ड चांगल्या वेगाने उतरतं, वेगळा रीडर कशाला?

निकॉन झेड-8 सारखा कॅमेरा असेल, ज्यात एक स्लॉट सीएफएक्सप्रेसचा (एसडीपेक्षा वेगवान, वेगळ्या तऱ्हेचं कार्ड) आणि एक एसडीचा, तर दोन्ही एकाच रीडरमध्ये मिळतात का ते पाहा. एक्सक्यूडीचा, म्हणजे त्याच आकाराच्या आधीच्या कार्डांचा, जुना रीडर सीएफएक्सप्रेसला चालेल असं समजू नका. कार्ड आत बसतं, पण वाचलं जात नाही.

सुट्या वायरीचा एक तोटा मात्र आहे, आणि तो मी सोसला आहे. वायर घरी राहिली की माणूस मोबाइलच्या चार्जरची लावतो. दिसायला अगदी तशीच असते, पण आतून बहुतेक वेळा यूएसबी 2.0 ची, आणि मग सेकंदाला पस्तीस-चाळीस एमबीवर घोडं अडतं. रीडर खराब निघाला म्हणून परत करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. मी 10 जीबीपीएसच्या दोन वायरी घेतल्या, दोन्ही टोकांना पिवळी चिकटपट्टी गुंडाळली, आणि एक कायमची कॅमेऱ्याच्या बॅगेत टाकली. घरात कुणालाही फोन चार्ज करायला ती मिळत नाही.